प्लॅस्टिकचे मिग आणि जोडरेषांचा वॉश

(द्वितीय वर्ष कला)

प्लॅस्टिकचे विमान म्हणजे लहान मुलांचे खेळणे, अशी आमच्या घरी सर्वांची समजूत आहे. कॉलेजात जाणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलाने रात्री दहा वाजता दिव्याखाली बसून वीतभर विमानाच्या पंखावर बारीक रेघा भरत बसावे, हे माझ्या आईला अजूनही पटलेले नाही. "एवढं ध्यान अभ्यासात दिलं असतंस तर..." असे ती म्हणते आणि वाक्य अर्धवट सोडून देते. तिचेही बरोबरच आहे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. माझ्या फीसाठी अण्णा रविवारीसुद्धा हायवेवरच्या गॅरेजात गाड्या रंगवतात. तेव्हा ह्या छंदात अभ्यास करण्यासारखे काही आहे की नाही, हे एकदा कागदावर नीट मांडून पाहावे असे बरेच दिवस मनात होते. संपादक मंडळाने लेख मागविले आणि ती संधी मिळाली.

विषय अगदी लहान आहे. विमानाच्या अंगावर पत्र्यांच्या सांध्यांच्या ज्या रेषा दिसतात, त्यांना मी ह्या लेखात ‘जोडरेषा’ म्हणणार आहे. प्लॅस्टिकच्या प्रतिकृतीवरील ह्या जोडरेषांत पातळ रंग सोडून त्या उठावदार करण्याच्या पद्धतीला ‘वॉश’ म्हणतात. उदाहरणासाठी मी मिग-२१ हे विमान घेतले आहे, आणि त्याला कारण आहे. आमचे गाव ओझरच्या जवळ. ओझरचा हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ साली ह्याच विमानाच्या उत्पादनासाठी उभा राहिला. भारतीय हवाई दलात मिग-२१ हे १९६३ साली दाखल झाले आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे त्याला अखेरचा निरोप देण्यात आला. निरोपाची ती बातमी वाचली त्याच आठवड्यात मी माझे दुसरे मिग बांधायला घेतले. पहिल्याचे काय झाले ते पुढे येईलच.

रेषा कोठून आल्या?

विमान हे एकसंध पत्र्याचे नसते. आत आडव्याउभ्या पट्ट्यांचा सांगाडा असतो आणि त्यावर ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे पत्रे रिव्हेटांनी ठोकून बसवलेले असतात. एक पत्रा संपतो व दुसरा सुरू होतो तेथे एक रेषा उरते. परंतु सगळ्या रेषा सारख्या नसतात, आणि ही गोष्ट मला फार उशिरा कळली. ढोबळमानाने त्यांचे तीन प्रकार करता येतील.

पहिला प्रकार कायमच्या सांध्यांचा. दोन पत्रे एकमेकांना भिडवून रिव्हेट मारले की ती रेषा सहसा उघडत नाही. ती अतिशय बारीक असते. दुसरा प्रकार झाकणांचा. आतील यंत्रे, तारा व नळ्या तपासण्यासाठी विमानाच्या अंगावर लहानमोठी झाकणे ठेवलेली असतात. ती वारंवार उघडतात, त्यांच्या कडांना तेलाचे हात लागतात, धूळ बसते. तिसरा प्रकार हलणाऱ्या भागांचा. पंखाच्या मागील कडेचे फ्लॅप आणि एलेरॉन, शेपटीवरील सुकाणू, चाकांची दारे ह्यांच्याभोवती खरोखरीची फट असते आणि त्या फटीत खरोखरीचा अंधार असतो.

मिग-२१ मध्ये ह्याशिवाय एक विशेष रेषा आहे. पंखाच्या मागे धडाला वेढा घालणारा एक सांधा असतो. इंजिन बाहेर काढायचे झाल्यास ह्या सांध्यापासून विमानाचा मागील भाग शेपटीसकट सोडवून मागे ओढतात. म्हणजे ही रेषा दिसायला कंबरपट्ट्यासारखी असली, तरी तिच्यामुळे विमानाचे दोन तुकडे होतात.

प्रतिकृतीतील रेषा

आता प्लॅस्टिककडे वळू. ह्या प्रतिकृती पॉलिस्टायरीन नावाच्या प्लॅस्टिकच्या असतात. वितळलेले प्लॅस्टिक पोलादी साच्यात दाबाने भरून सुटे भाग तयार करतात व ते आपण घरी जोडायचे असतात. ब्रिटनमधील एअरफिक्स कंपनीने १९५० च्या दशकात स्पिटफायर ह्या लढाऊ विमानाची प्रतिकृती बाजारात आणली आणि प्लॅस्टिकची विमाने जोडण्याचा छंद सामान्य घरांत पोहोचला. जपानच्या टामिया कंपनीने १९६० साली यामातो ह्या युद्धनौकेपासून प्लॅस्टिकच्या प्रतिकृतींना प्रारंभ केला. जुन्या प्रतिकृतींवर जोडरेषा बहुधा उठावाच्या असत, म्हणजे पृष्ठभागाच्या किंचित वर आलेल्या. पुढे कोरीव रेषांची पद्धत रूढ झाली. वॉश देण्याच्या दृष्टीने हा बदल महत्त्वाचा आहे, कारण वरंब्यावर पाणी थांबत नाही, ते सरीतच थांबते. शेतकऱ्याच्या मुलाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

येथे थोडे गणित करू. मिग-२१ च्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर. १/७२ ह्या प्रमाणात तो सुमारे १० सेंटिमीटर होतो. खऱ्या विमानावरील एखादी फट दीड मिलिमीटर रुंद आहे असे धरले, तर प्रतिकृतीवर ती ०.०२ मिलिमीटर व्हायला हवी. ती केसापेक्षाही बारीक होईल. उलट प्रतिकृतीवर कोरलेली रेषा ०.२ मिलिमीटर रुंद आहे असे धरले आणि तिला ७२ ने गुणले, तर खऱ्या विमानावर ती सुमारे साडेचौदा मिलिमीटरची भेग ठरेल. तिच्यात बोट जाईल!

ह्यावरून काही अनुभवी मंडळी म्हणतात की वॉश देऊच नये, खऱ्या विमानावर दुरून रेषा दिसतच नाहीत. त्यांचे म्हणणे गणिताने खरे आहे. पण वॉश न दिलेले विमान हातात घेतले की ते साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत, एकाच तुकड्याचे वाटते. खऱ्या विमानावर ऊन पडते, सावल्या पडतात, कडा चमकतात. एवढ्याशा वस्तूवर ती सावली आपोआप पडत नाही, म्हणून ती रंगाने द्यावी लागते. मात्र ती देताना रेषा मुळातच जाड आहे हे विसरायचे नाही. माझ्या मते वॉशविषयीचे बहुतेक सगळे नियम ह्या एका गोष्टीतून निघतात.

वॉश काम कसे करतो?

अरुंद नळीत किंवा फटीत द्रव आपोआप ओढला जातो, हे केशाकर्षण आपण शाळेत शिकलो. दिव्याच्या वातीत तेल चढते ते ह्यामुळेच. कोरीव रेषेच्या एका टोकाला ब्रशाचे टोक नुसते टेकवले की पातळ रंग त्या रेषेतून स्वतःहून धावतो. पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा मी ब्रश हातात धरून नुसता बघत राहिलो होतो. पुढे द्रावक उडून जातो आणि रंगाचे कण तळाशी उरतात.

मात्र ह्यासाठी पृष्ठभाग गुळगुळीत, चकचकीत हवा. मॅट रंगाचा पृष्ठभाग आपल्याला सपाट वाटला तरी तो सूक्ष्म खळग्यांनी भरलेला असतो. त्या प्रत्येक खळग्यात वॉश शिरतो आणि सगळा पंख टीपकागदासारखा डाग पिऊन घेतो. म्हणून आधी चकचकीत व्हार्निशचा हात, मग वॉश, आणि सर्वांत शेवटी मॅट व्हार्निश, असा क्रम ठरलेला आहे.

दुसरे तत्त्व द्रावकाचे. खालच्या थराला जो द्रावक विरघळवतो तो वरच्या थरात वापरायचा नाही. खाली पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग व ॲक्रिलिक व्हार्निश असेल, तर वर टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला तैलरंग चालतो, कारण पूर्ण वाळलेल्या ॲक्रिलिकला टर्पेंटाइन सहसा धक्का लावत नाही. त्यामुळे चूक झाली तरी वॉश पुसून काढता येतो आणि खालचा रंग शाबूत राहतो.

साहित्य

टामिया कंपनीचा तयार वॉश बाटलीत मिळतो व त्याच्या झाकणालाच बारीक ब्रश असतो. तो सोयीचा आहे, पण विद्यार्थ्याच्या खिशाला परवडणारा मार्ग निराळा आहे. कॅमलिनच्या तैलरंगाच्या काळ्या व बर्न्ट अंबर ह्या दोन नळ्या आणि थोडा पांढरा रंग एवढ्यावर कित्येक विमाने होतात. त्याशिवाय हार्डवेअरच्या दुकानातील मिनरल टर्पेंटाइन, शून्य नंबरचा ब्रश, कान साफ करायच्या कापसाच्या काड्या, जुन्या सुती बनियनचा तुकडा, बाटलीचे एक पत्र्याचे झाकण आणि जाड पुठ्ठा लागतो.

पुठ्ठा कशाला, असे कोणी विचारील. तैलरंगात जवसाचे तेल असते व त्यामुळे तो वाळायला फार वेळ घेतो. पुठ्ठ्यावर रंग काढून अर्धा तास ठेवला की पुठ्ठा जादा तेल शोषून घेतो. मग तोच रंग लवकर वाळतो आणि कमी चकाकतो.

कृती

१. रंगकाम पूर्ण वाळल्यावर चकचकीत व्हार्निशचा पातळ हात द्यावा. विमानावरील खुणा व क्रमांकांची चित्रे, म्हणजे डेकल, ह्या थरावर चिकटवावीत आणि त्यांच्यावर पुन्हा व्हार्निश द्यावे. नाहीतर वॉश डेकलच्या कडेखाली शिरतो. त्यानंतर निदान एक दिवस विमानाला हात लावू नये.

२. पुठ्ठ्यावरील रंगातून मुगाच्या दाण्याएवढा रंग झाकणात घ्यावा व टर्पेंटाइन थेंबाथेंबाने घालून ढवळावे. मिश्रण कोऱ्या चहासारखे व्हायला हवे. पांढऱ्या बशीवर ओघळ सोडून पाहावा. बशी खालून दिसली पाहिजे.

३. ब्रश बुडवून त्याचे टोक कापडाला टेकवावे, म्हणजे जादा द्रव निघून जाईल. नंतर दोन रेषा जेथे मिळतात तेथे ते टोक टेकवावे. रेषेवरून ब्रश ओढू नये. रंग धावून थांबेल तेथून पुढे पुन्हा टेकवावे. एका वेळी एकच पंख घ्यावा.

४. वीस मिनिटे ते अर्धा तास थांबावे. ह्या वेळात चहा घ्यावा, पण विमानाशेजारी नको. मी एकदा ब्रश चहात बुडवला आहे.

५. आता पुसणे. कापसाची काडी टर्पेंटाइनमध्ये बुडवून कापडावर जवळजवळ कोरडी करावी व रेषेबाहेर सांडलेला रंग टिपावा. काडी रेषेला आडवी फिरवावी. रेषेच्या दिशेने फिरवली तर कापसाचे तंतू आतील रंगही ओढून आणतात. शिवाय वारा विमानाच्या नाकाकडून शेपटीकडे वाहतो, म्हणून काडीही पुढून मागेच न्यावी. मग राहिलेला अस्पष्ट फराटा खऱ्या मळासारखा वाटतो. धडाला वेढणाऱ्या रेषांच्या बाबतीत हे दोन्ही नियम एकच होतात. ज्या रेषा वाऱ्याच्याच दिशेने जातात, तेथे मात्र काडी अगदी हलकी व आडवी धरावी.

६. दोन दिवस वाळू द्यावे व शेवटी मॅट व्हार्निश देऊन सर्व बंद करावे.

हे काम खिडकी उघडी ठेवून करावे आणि जवळ काडी, उदबत्ती किंवा शेगडी नसावी. टर्पेंटाइनची वाफ डोक्यात जाते आणि ती पेटही घेते.

माझ्या चुका

पहिल्या मिगच्या वेळी ह्यांतील एकही गोष्ट मला माहीत नव्हती. सुट्टीत कांद्याच्या चाळीवर काम करून साठवलेल्या पैशांतून मी ती प्रतिकृती मागवली होती. टर्पेंटाइन आणायला वेगळे पैसे कशाला, म्हणून गॅरेजातील अण्णांच्या डब्यातून वाटीभर थिनर आणला. तो एन. सी. थिनर होता. गाडीच्या पत्र्याला तो काही करत नाही, पण पॉलिस्टायरीनला तो विरघळवतो. दोन मिनिटांत डाव्या पंखावर सायीसारख्या सुरकुत्या आल्या आणि मी घाबरून पुसायला गेलो तेव्हा पंखाची कड बोटाला चिकटून आली. तीन आठवड्यांची मजुरी माझ्या डोळ्यांदेखत विरघळली. अण्णांना सांगायचे धाडस दोन दिवस झाले नाही.

टर्पेंटाइन वापरले तरी एक धोका राहतोच. जेथे दोन भाग जोराने दाबून बसवलेले असतात तेथे प्लॅस्टिक ताणाखाली असते. अशा सांध्यात वॉशचे डबके साचू दिले तर तेथे प्लॅस्टिकला तडा जाऊ शकतो. म्हणून वॉश ओतायचा नसतो, टेकवायचा असतो. आणखी एक चूक म्हणजे निव्वळ काळा रंग वापरणे. राखाडी विमानावर काळ्या रेषा मारल्या की विमानाऐवजी फरशी बसवलेली भिंत दिसते. मूळ रंगापेक्षा तीनचार छटा गडद असा रंग घ्यावा. राखाडीवर गडद राखाडी, हिरव्यावर काळपट तपकिरी, पांढऱ्यावर फिकट राखाडी.

रेषा किती गडद हवी?

दुसरे मिग मी वरील पद्धतीने पूर्ण केले. सगळ्या रेषा एकसारख्या, स्वच्छ, गडद राखाडी आल्या होत्या आणि मी मनातून खूश होतो. आमच्या गल्लीत एक काका राहतात. त्यांनी ओझरच्या कारखान्यात मिगच्या दुरुस्तीच्या कामात पुष्कळ वर्षे काढली आणि आता ते निवृत्त आहेत. त्यांना दाखवायला विमान घेऊन गेलो. त्यांनी चष्मा पुसला, विमान उलटेसुलटे केले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "ही रेघ एवढी काळी का रे?"

ती पंखावरील रिव्हेटांची कायमची जोडरेषा होती. मी म्हणालो, "काका, सगळ्याच तशा केल्यात."

"तेच चुकलं. ही कधी उघडत नाही. ह्या रेघेला कोण हात लावतो? आणि ही बघ," त्यांनी पोटाकडील एका लहान झाकणावर नख ठेवले, "हे उघडायचं म्हणजे उताणं पडून वर हात करायला लागायचे. तेल कोपरापर्यंत यायचं. हे तू पांढरं ठेवलंस."

मग त्यांनी पंखामागील तो कंबरपट्टा दाखवला आणि तेथून शेपूट कशी सुटी करत ते हातवारे करून सांगितले. जवळजवळ तासभर ते बोलत होते. त्यांच्या सुनेने दोनदा जेवायला हाक मारली. घरी आल्यावर मी टर्पेंटाइनची काडी घेऊन सगळा वॉश पुसून काढला. खाली चकचकीत व्हार्निश होते आणि शेवटचे मॅट व्हार्निश अजून दिले नव्हते, म्हणूनच हे शक्य झाले.

पुन्हा वॉश देताना मी तीन झाकणांत तीन मिश्रणे केली. कायमच्या सांध्यांसाठी मूळ रंगाहून जेमतेम गडद. वारंवार उघडणाऱ्या झाकणांसाठी तपकिरी मिसळलेले, मळकट. फ्लॅप, एलेरॉन व चाकांच्या दारांसाठी सर्वांत गडद. पोटाकडील झाकणांवरून तेलाचा एकेक ओघळ मागे ओढला. पंखाची वरची बाजू मात्र स्वच्छ ठेवली, कारण तेल खाली गळते आणि पाऊस वरून धुतो. ह्या वेळी रेषा पूर्वीपेक्षा कमी दिसत होत्या, पण विमान जास्त दिसत होते.

ह्यातून मला जे समजले ते थोडक्यात असे. वॉश हा सजावटीचा प्रकार नाही. प्रत्येक रेषेला वॉश देण्यापूर्वी ती रेषा तेथे कशासाठी आहे, ती उघडते की नाही, आणि उघडत असेल तर तेथे कोणाचा हात जात होता, हे विचारायला हवे. उत्तर माहीत नसेल तर छायाचित्रे पाहावीत, जाणत्याला विचारावे आणि तोवर ब्रश खाली ठेवावा. आमचे इतिहासाचे सर साधनांविषयी शिकवताना जवळपास हेच सांगतात. तेव्हा आईच्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले आहे असे वाटते, ते तिला पटेल की नाही हा प्रश्न निराळा.

शेवटी अण्णांविषयी. थिनरची गोष्ट मी त्यांना तिसऱ्या दिवशी सांगितली होती. ते रागावले नाहीत. विरघळलेला पंख बोटांनी चाचपून "थिनरला माल ओळखून घ्यायचा असतो" एवढेच म्हणाले. दुसरे मिग पूर्ण झाले तेव्हा त्यांनी ते खिडकीत उजेडाला धरले. गॅरेजात त्यांचा सगळा जन्म पोचे बुजवण्यात आणि सांधे लपवण्यात गेला. गाडी ठोकलेली होती हे कळू नये, हीच त्यांच्या कामाची पावती. मी मात्र सांधे उघड दाखवीत बसलो होतो. त्यांना हे कसे वाटेल, ह्याची मला थोडी धाकधूक होती. त्यांनी पंखावरून नजर फिरवली, पोटाखाली पाहिले आणि विचारले, "रंग लावून परत पुसला का?"

"हो. दोनदा."

"मंग बरोबर. लावाया कोणीबी लावील. पुसाया हात लागतो."

ते विमान आता आमच्या घरात देवळीशेजारच्या फळीवर आहे. आई रोज केर काढताना ते उचलते, फळी पुसते आणि पुन्हा जागेवर ठेवते. पोटाखालचा तेलाचा ओघळ मात्र तिला मळ वाटतो. तो पुसू नकोस, हे मला तिला दर आठवड्याला सांगावे लागते.